साडेसहाचे टक्के किती?

पदवीच्या अंतिम गुणपत्रिकेवर ६.५० असा सीजीपीए घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी किती टक्क्यांनी उत्तीर्ण झाला, या प्रश्नाला आज महाराष्ट्रात एक उत्तर नाही. दहाने गुणले तर ६५ टक्के. साडेनऊने गुणले तर ६१.७५. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याच्या अंगाने गेले, म्हणजे आधी पाऊण वजा करून मग दहाने गुणले, तर ५७.५०. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका त्याच, परीक्षकांनी दिलेले गुणही तेच. तरीही पहिल्या दोन हिशेबांत तो साठ टक्क्यांची अट असलेल्या जाहिरातीस पात्र ठरतो आणि तिसऱ्या हिशेबात त्याचा अर्ज छाननीच्या पहिल्याच चाळणीत बाद होतो. सर्वांत उदार आणि सर्वांत कठोर हिशेबात साडेसात टक्क्यांची दरी आहे. तीत जालन्यासारख्या जिल्ह्यातील तरुणांची वर्षे गडप होणार आहेत आणि ती परत मिळवून देण्याची कोणतीही यंत्रणा शासनापाशी नाही.

१ मे १९८१ रोजी जन्माला आलेल्या या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतील बहुसंख्य पदवी महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. त्यांच्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद येथील शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद ओतणाऱ्या कामगाराच्या घरी निकालाच्या दिवशी प्रश्न एकच विचारला जातो, ‘किती टक्के पडले?’ त्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या हातातील कागदावर नसते. तेथे एसजीपीए असतो, सीजीपीए असतो, श्रेयांक असतात, ओ, ए प्लस, बी प्लस अशी अक्षरे असतात. मुलगा सांगतो, ‘पॉइंटर सात आलाय.’ बाप मान डोलावतो. दोघांपैकी कोणालाही त्या साताचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो.

या अज्ञानाचे खापर विद्यार्थ्यांच्या माथी फोडण्याआधी त्यांच्यावर लादलेली मोजपट्ट्यांची परंपरा पाहिली पाहिजे. २०१० पासून राज्याच्या प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकांवर अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी उमटू लागल्या. त्याच मुलाला दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षेत शेकडेवारीच्या तराजूत बसवले जाते. पुढे पदवीला तो पोचला की शेकडेवारी काढून घेऊन त्याच्या हाती दहाची मोजपट्टी दिली जाते. आणि नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, उच्च शिक्षणाच्या दारात तो उभा राहिला की दारावरचा पहारेकरी पुन्हा टक्केच मागतो. एका विद्यार्थ्याची गुणवत्ता पंधरा वर्षांत तीन भाषांत लिहायची आणि तिन्हींमधला दुभाषा नेमायचा नाही, असा हा कारभार आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधारित श्रेयांक पद्धतीबरोबर दिलेले गणित मुळात अवघड नाही. प्रत्येक विषयाला त्याच्या भाराप्रमाणे श्रेयांक असतात. ढोबळमानाने सत्रभरात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला तीस तास. विषयात मिळालेल्या गुणांवरून श्रेणी ठरते आणि श्रेणीवरून शून्य ते दहा यांमधील श्रेणीगुण. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, अनुत्तीर्ण आणि गैरहजर शून्य. प्रत्येक विषयाचे श्रेयांक गुणिले श्रेणीगुण, त्यांची बेरीज, भागिले एकूण श्रेयांक. हा त्या सत्राचा एसजीपीए. सर्व सत्रांचे एसजीपीए त्या त्या सत्राच्या श्रेयांकांनी तोलून काढलेली सरासरी म्हणजे सीजीपीए. सातवीच्या मुलाला जमावे असे हे भारित सरासरीचे गणित. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एक तास फळ्यासमोर उभे राहून ते शिकवावे, असे किती महाविद्यालयांना वाटले, याचे उत्तर प्राचार्यांनी आपापल्या वेळापत्रकात शोधावे.

हा एक तास न दिल्याने काय होते ते प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत एका सत्राला साधारण बावीस श्रेयांक असतात. समजा, मुख्य विषयाचा एक पेपर चार श्रेयांकांचा आहे आणि उरलेले नऊ विषय प्रत्येकी दोन श्रेयांकांचे. विद्यार्थिनीला पाच छोट्या विषयांत ९, तिनांत ८, एकात ६ आणि मुख्य विषयाच्या मोठ्या पेपरात ५ श्रेणीगुण पडले. ती दहा विषयांच्या श्रेणीगुणांची बेरीज ८० करते, दहाने भागते आणि घरी आठ सांगते. प्रत्यक्षात मुख्य विषयाचे २० आणि उरलेल्यांचे १५० मिळून १७०, भागिले २२, म्हणजे ७.७३. गुणपत्रिका हातात आल्यावर तिला वाटते की विद्यापीठाने आपले गुण कापले. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, त्याचे शुल्क, तालुक्याहून जिल्ह्याला हेलपाटे, आणि शेवटी ‘बदल नाही’ असा शेरा. चूक कोणाचीच नव्हती. तिला गणित सांगितलेले नव्हते.

हानी एवढ्यावर थांबत नाही. तिच्या मुख्य विषयाचा पाया खिळखिळा आहे आणि ७.७३ हा गोजिरा आकडा ती खिळखिळ झाकून टाकतो. मूल्यवर्धित अभ्यासक्रम, सहअभ्यासक्रम उपक्रम, कौशल्याधारित छोटे विषय यांत अंतर्गत गुणांची खिरापत वाटण्याची सवय जेथे जडली आहे, तेथे रसायनशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात काठावर तरलेला विद्यार्थी कागदावर उत्तम दिसतो. स्पर्धा परीक्षेच्या किंवा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेसमोर ते उत्तमपण उघडे पडते. तोवर तीन वर्षे संपलेली असतात. सरासरी वाचायची ती तिच्या आत शिरून, श्रेयांकांच्या रकान्यावर बोट ठेवून, हे ज्याला कोणी शिकवले नाही त्याला आपण कोठे कमी पडत आहोत हेच कळत नाही.

सत्रांची सरासरी काढतानाही हाच अपघात होतो. बावीस श्रेयांकांच्या सत्रात ६ आणि वीस श्रेयांकांच्या सत्रात ८ मिळाले तर विद्यार्थी सरळ सरासरी काढून ७ म्हणतो. भारित हिशेबाने ते ६.९५ भरतात. अट सातची असेल तेथे हे पाच शतांश त्याला दाराबाहेर ठेवतात. आणि अटी लिहिणारे शतांशांची दया करीत नाहीत. बँक भरतीच्या जाहिरातींत ५९.९९ टक्के हे साठपेक्षा कमीच मानले जातील, असे स्वच्छ शब्दांत छापलेले असते. नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला लागणारे ५५ टक्केही पूर्णांकात न बदलता मोजले जातात. जेथे शतांशावर नशीब ठरते, तेथे साडेसात टक्क्यांची संदिग्धता गुणपत्रिकेवर तशीच राहू देणे ही बेपर्वाई आहे, आणि तिचा दंड बेपर्वाई करणाऱ्याला भरावा लागत नाही.

श्रेणीगुणाला दहाने गुणले की टक्के मिळतात, हा समज इतका रुजला आहे की प्राध्यापकही तो बिनदिक्कत सांगतात. तो चूक का, याचे कारण श्रेणीच्या पट्ट्यांत आहे. आयोगाने अक्षरे आणि श्रेणीगुण दिले. कोणत्या गुणांना कोणते अक्षर, ही सीमा ठरवण्याची मोकळीक विद्यापीठांना राहिली. परिणामी याच राज्यात एक पद्धत अशी चालत आली की जिच्यात ८० गुणांनाच सर्वोच्च १० श्रेणीगुण मिळतात, सत्तरीला ९ आणि साठीला ८. दुसऱ्या पद्धतीत १० साठी नव्वदी गाठावी लागते आणि साठीला ७ मिळतात. प्रत्येक विषयात नेमके ६५ गुण मिळवणारे दोन विद्यार्थी घ्या. एकाचा सीजीपीए ८, दुसऱ्याचा ७. दहाने गुणले तर एक ८० टक्क्यांचा होतो, दुसरा ७० टक्क्यांचा. पाऊण वजा करण्याचे सूत्र लावले तर ७२.५० आणि ६२.५०. दोघेही ६५ टक्क्यांचे आहेत, हे सत्य एकाही हिशेबात सापडत नाही. खासगी कंपनीचा भरती अधिकारी किंवा परराज्यातील विद्यापीठाचा प्रवेश कक्ष या दोघांना शेजारी उभे करतो तेव्हा पहिल्याला निवडतो. दुसऱ्याचे विद्यापीठ अधिक काटेकोर होते, हाच त्याचा अपराध.

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा कट्टा ज्या काट्यावर चढतो, त्या काट्याची वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीत पडताळणी होते, त्यावर शिक्का बसतो, आणि काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यावर खटला भरता येतो. शेतकऱ्याच्या पोराची तीन वर्षांची मेहनत मात्र अशा काट्यावर तोलली जाते, ज्याच्या वजनांवर कोणाचाच शिक्का नाही.

साडेनऊच्या गुणकाची कथा तर अधिक उद्वेगजनक आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीला श्रेणीपद्धत आणली तेव्हा सर्वोच्च पट्ट्यातील, म्हणजे ९१ ते १०० गुणांमधील विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष सरासरी पंच्याण्णवच्या आसपास येते, या निरीक्षणावरून तो आकडा काढला गेला. दहावीच्या एका मंडळाचा, एका काळाचा, त्याच मंडळाच्या गुणवाटपावर बेतलेला तो तोडगा. २०१८ पासून त्या मंडळाने दहावीची परीक्षा पुन्हा गुणांवर आणली. ज्या मंडळाने हा गुणक जन्माला घातला त्याची गरज संपली, पण मराठवाड्यातील बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांच्या अर्जांवर तो आजही लावला जातो. पदवीशी त्याचा सुतराम संबंध नाही.

तो लावतो कोण, हे पाहायला लांब जायला नको. कोणत्याही तालुक्याच्या बस स्थानकाजवळच्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात भरतीच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी उभे राहावे. संगणकाच्या पडद्यावर अर्ज उघडलेला असतो. ‘पदवीची टक्केवारी’ या रकान्यापुढे लाल तारांकन असते आणि रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मुलगा गुणपत्रिका पुढे करतो. चालक कागद उलटसुलट करतो, भ्रमणध्वनीवर दहाने किंवा साडेनऊने गुणतो आणि आकडा टाकतो. मागे रांग उभी असते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्या क्षणी एका नागरिकाच्या पात्रतेचा निर्णय झालेला असतो. तो विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाने घेतलेला नसतो, आयोगानेही नाही. अर्जामागे काही रुपये घेणाऱ्या, स्वतःही त्याच गोंधळात सापडलेल्या एका दुकानदाराने घेतलेला असतो. त्याला दोष देता येणार नाही. ज्यांनी द्यायला हवे होते त्यांनी सूत्र दिले नाही, म्हणून त्याने स्वतःचे वापरले.

याची किंमत त्या संध्याकाळी कळत नाही. पूर्वपरीक्षा होते, मुख्य परीक्षा होते, मुलगा उत्तीर्ण होतो, गावात पेढे वाटले जातात. मग कागदपत्र पडताळणीचे बोलावणे येते आणि टेबलापलीकडचा अधिकारी सांगतो, ‘विद्यापीठाचे रूपांतरण प्रमाणपत्र आणा.’ मंठ्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणे म्हणजे एका बाजूचे शंभरावर किलोमीटर. अर्ज, शुल्क, सही, शिक्का आणि पुन्हा तोच रस्ता. प्रमाणपत्रावरील आकडा अर्जातील आकड्याशी जुळला तर सुटका. जुळला नाही, आणि तो साठच्या किंवा पंचावन्नच्या खाली गेला, तर उमेदवारी रद्द. शिवाय अर्जात चुकीची माहिती दिल्याचा ठपका. अप्रामाणिकपणाचा लवलेश नसलेला मुलगा कागदोपत्री खोटे बोलणारा ठरतो, आणि वयाची मर्यादा ओलांडायला एखादे वर्षच उरलेले असते. याच्या उलट घडणारे नुकसान तर कोणाच्या नजरेसही पडत नाही. आपले टक्के कमी आहेत अशी चुकीची समजूत करून घेऊन जी मुले अर्जच भरत नाहीत, त्यांची गणना कोणत्या अहवालात होणार? विशेषतः मुलींची. ‘एवढ्यावर काही मिळत नाही’ हे वाक्य घरात उच्चारले गेले की पुढचे वाक्य स्थळ पाहण्याचे असते.

शिक्षणातील आणि नोकरीतील जागांचा प्रश्न किती जिव्हारी लागलेला आहे, हे या जिल्ह्याला कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावातून २०२३ मध्ये उठलेल्या आंदोलनाने राज्याचे राजकारण ढवळून काढले. आरक्षणाची बाजू कोणाची खरी, हा येथील विषय नाही. परंतु एकेका जागेसाठी ज्या समाजांतील तरुण रस्त्यावर उतरतात, ज्यांचे नेते उपोषणाला बसतात, ज्यांच्यासाठी मंत्रिमंडळाच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत चालतात, त्याच तरुणांना एका अनुत्तरित गुणाकारापायी पात्रतेच्या उंबऱ्यावरच अडवले जात असेल, तर मिळालेले आणि न मिळालेले दोन्ही आरक्षण त्यांच्या काय उपयोगाचे? राखीव प्रवर्गाला मिळणारी पाच टक्क्यांची सवलतसुद्धा साडेसात टक्क्यांच्या दरीत बुडून जाते. एकाही पक्षाच्या, एकाही संघटनेच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा ठळकपणे दिसत नाही. घोषणेला तो सोयीचा नसेल. पण ज्यांच्या नावाने घोषणा दिल्या जातात त्यांच्या पोटाशी त्याची गाठ आहे.

आता पुढे जे येऊ घातले आहे त्याच्यापुढे आजवरचे नुकसान किरकोळ वाटेल. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या पहिल्या तुकडीचे सहावे सत्र २०२७ च्या उन्हाळ्यात संपते. त्या टप्प्यावर विद्यार्थ्यापुढे दोन वाटा आहेत. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे, किंवा चौथ्या वर्षाला जायचे. चौथ्या वर्षाची संशोधनासह ऑनर्स पदवी ज्याला हवी, त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, असे आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात नमूद आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश हवा असेल तर नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार त्या पदवीलाही ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी लागते. पदव्युत्तर पदवीची दोन वर्षे न घालवता संशोधनात उतरण्याची ही वाट गरीब घरातील हुशार विद्यार्थ्यासाठी मोलाची आहे. आणि तिच्या तोंडाशी पुन्हा तोच न सुटलेला गुणाकार उभा आहे.

सीजीपीए ८ असलेली विद्यार्थिनी या वाटेवर जाऊ शकते काय? दहाने गुणले तर ८०, होय. साडेनऊने गुणले तर ७६, होय. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ७५ टक्क्यांसमोर ८.२५ आहे; त्या हिशेबाने ती ७२.५० वर अडकते, नाही. ‘समकक्ष श्रेणी’ हे शब्द विनियमात लिहून आयोग मोकळा झाला. समकक्ष म्हणजे किती, हे विद्यापीठाने महाविद्यालयांना, महाविद्यालयांनी वर्गाला आणि वर्गशिक्षकाने त्या मुलीला सांगितलेले नसेल, तर २०२७ च्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर तिला काय उत्तर मिळेल याचा भरवसा कोणी द्यायचा?

आणि तेव्हा उत्तर मिळूनही उपयोग होणार नाही, ही यातील सर्वांत गंभीर बाब आहे. सहाही सत्रांचे श्रेयांक समान धरू. बारावीपर्यंत गावात शिकलेला, इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झगडणारा विद्यार्थी पहिल्या दोन सत्रांत ६.५० वर राहिला. सहा सत्रांअखेर ८.२५ गाठायचे तर उरलेल्या चारही सत्रांत त्याची सरासरी ९.१३ च्या घरात हवी. पहिल्या वर्षाअखेर ही आकडेमोड त्याच्यासमोर मांडली गेली असती, तर त्याने दुसऱ्या वर्षी चार श्रेयांकांच्या पेपरांवर जीव ओतला असता, श्रेणीसुधाराची संधी असेल तेथे ती घेतली असती, निदान आपली वाट समजून उमजून निवडली असती. तिसऱ्या वर्षाअखेर तीच आकडेमोड म्हणजे शवविच्छेदन. जुन्या पद्धतीत शेवटच्या वर्षी जोर लावून वर्ग सुधारण्याची आशा असे. सर्व सत्रांचा भार सारखा मोजणाऱ्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून खाते उघडलेले असते, आणि खाते उघडले आहे हेच खातेदाराला ठाऊक नसते.

ज्यांचे शिक्षण मध्येच तुटते त्यांची अवस्था आणखी बिकट. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेला मुलगा, पहिल्या वर्षानंतर लग्न झालेली मुलगी, वडिलांच्या आजारपणात स्टील कारखान्यात पाळीवर लागलेला तरुण. यांच्यासाठीच बहुप्रवेश आणि बहुनिर्गमनाची तरतूद आहे असे आपल्याला सांगितले गेले. २०२१ च्या विनियमांनी शैक्षणिक श्रेयांक पेढी स्थापन झाली आणि तेथे जमा झालेले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. पण श्रेयांक म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्या पेढीतील आपले खाते पडताळून पाहणार कसे? आधार कार्डावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, विवाहानंतर आडनाव बदलले, की जोडणी अडते. पाच वर्षांनी परतलेल्या विद्यार्थिनीला तिचे चाळीस-चव्वेचाळीस श्रेयांक सापडले नाहीत तर तिचे एक वर्ष शून्यवत. तिच्यासाठी हे धोरण म्हणजे बाहेर पडण्याचे दार उघडे आणि परतण्याचे बंद, एवढेच शिल्लक राहील.

हे सर्व टाळण्यासाठी लागणारा खर्च शासनाच्या एखाद्या जाहिरात मोहिमेच्या तुलनेत नगण्य आहे, म्हणूनच ते न होणे अक्षम्य आहे. विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाने ठरवले तर पुढच्याच निकालापासून प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेवर तीन ओळी वाढवता येतील: त्या सत्रातील प्रत्यक्ष मिळालेले एकूण गुण आणि त्यांची शेकडेवारी, आतापर्यंतच्या सर्व सत्रांची एकत्रित शेकडेवारी, आणि अधिकृत रूपांतरण सूत्र. मराठीत, वाचता येईल अशा टायपात, पुढच्या बाजूला. गुण विद्यापीठाच्या संगणकात आहेतच. श्रेणी त्यांच्यावरूनच काढली जाते. छापलेल्या गुणपत्रिकेवर आकडा असला की दुकानदाराला गुणाकार करावा लागणार नाही आणि पडताळणी अधिकाऱ्याला वेगळे प्रमाणपत्र मागण्याचे कारण उरणार नाही. जुन्या गुणपत्रिकांसाठी ते प्रमाणपत्र विनाशुल्क आणि ऑनलाइन मिळाले पाहिजे. ज्या संदिग्धतेला विद्यार्थी जबाबदार नाही, ती दूर करण्याचे पैसे त्याच्याकडून घेणे हा अन्याय आहे.

राज्य शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. श्रेणीच्या पट्ट्या विद्यापीठागणिक वेगळ्या राहिल्या तर कोणतेही एक सूत्र न्याय देऊ शकणार नाही, हे पासष्ट गुणांच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिलेच आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सर्व अकृषी विद्यापीठांना एका चौकटीत आणले. नव्या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी श्रेयांकांची विभागणीही शासन निर्णयाने ठरवून दिली. इतके ठरवणाऱ्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाला गुणांच्या पट्ट्या आणि रूपांतरणाचे सूत्र सर्वांसाठी एकसारखे आणि बंधनकारक करणे अशक्य नव्हते. ते झाल्यावर सामान्य प्रशासन विभागाने सरळसेवा भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत टक्केवारीच्या अटीशेजारी समकक्ष सीजीपीए छापण्याची सक्ती करावी. महाडीबीटीसह राज्याच्या प्रत्येक पोर्टलवर टक्केवारीच्या रकान्याशेजारी सीजीपीएचा रकाना असावा आणि रूपांतर संगणकाने करावे, माणसाने नव्हे.

महाविद्यालयांनी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जालन्यातील शिक्षणसंस्थांना मोठी परंपरा आहे. या शहराने बियाणे उद्योगात देशाला वाट दाखवली, येथील बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र येथे उभे राहिले. अशा जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात श्रेयांकाचा एक तास घ्यावा. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर वर्गशिक्षकाने विद्यार्थ्याला शेजारी बसवून, पुढच्या उंबरठ्यासाठी किती हवे ते लिहून द्यावे, आणि पालक मेळाव्यात सत्कार-समारंभाच्या आधी गुणपत्रिका वाचून दाखवावी. पूर्णवेळ प्राध्यापकांची पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग भागवणाऱ्या व्यवस्थेत हे मार्गदर्शन कोण करणार, असा प्रश्न प्राचार्य विचारतील आणि तो रास्तच आहे. तो त्यांनी मंत्रालयात विचारावा, लेखी विचारावा. वर्गात मौन बाळगण्याची सबब म्हणून तो वापरू नये.

२०२७ च्या उन्हाळ्यानंतर छापल्या जाणाऱ्या पदव्यांवर जो आकडा पडेल, तो त्या विद्यार्थ्यांना पुढची तीस-पस्तीस वर्षे प्रत्येक अर्जावर लिहावा लागेल. सूत्र नंतर ठरले आणि मागील तुकडीला लागू झाले तर आधी पात्र ठरलेले अपात्र होतील, अपात्र ठरलेले वयाच्या मर्यादेबाहेर गेलेले असतील, आणि दोन्ही गट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर उभे राहतील. ज्यांना वकील परवडेल तेच उभे राहतील. विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि त्या बैठकीचा निर्णय त्याच आठवड्यात प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या सूचना फलकावर मराठीत लावावा.